कैरीचा डाग

वर्तकनगर, ठाणे
६ ऑगस्ट २०२५

चि. कादंबरीस,
अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितो आहे. वर्तकनगर ते डोंबिवली म्हणजे काही सातासमुद्रापार नाही, पण निदान पोस्टमनला बरं वाटेल. पाकिटावर तुझ्या नावाआधी काय लिहायचं ते कळेना. हात सवयीने ‘सौ.’कडे गेला होता, म्हणून शेवटी नुसतं नाव लिहिलं. राग मानू नकोस.

आता कामाचं. गेल्या आठवड्यात शेजारच्या बिल्डिंगमध्ये श्रीपादरावांकडे दिवसाढवळ्या चोरी झाली. कपाट फोडून नेलं ते नेलं, वर फ्रीजमधलं श्रीखंडही खाऊन गेले. तेव्हापासून अख्खी सोसायटी विम्याची चौकशी करायला माझ्या दारात येते आहे. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! चौतीस वर्षं मी विमा कंपनीच्या क्लेम खात्यात काढली. त्या काळात हीच माणसं मला बघून फुटपाथ बदलायची.

तर मीही विमा काढायचा ठरवला आहे. घराचा नव्हे, घरात आहे काय! सलिलच्या सुऱ्यांचा. फेब्रुवारीत तो बॅडमिंटन खेळता खेळता कोर्टावर पडला आणि उठला नाही, त्यानंतर या घरात त्याचं म्हणून जे उरलं ते हेच. चौदा सुऱ्या. लोक शर्ट शिवून घेतात, माझा मुलगा शहाडच्या सुदेशकडून सुऱ्या करवून घ्यायचा, कोणाच्या ना कोणाच्या हाताच्या मापाने. बँकेत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या माणसाला हा नाद कुठून लागला, देव जाणे. पण लागला होता, आणि त्या सुऱ्या काही रस्त्यावर मिळणाऱ्या नाहीत.

एप्रिलमधलं भांडण मी विसरलेलो नाही. तू सान्वीला कैरी चिरून द्यायला सलिलची स्वतःची, शिसवी मुठीची सुरी काढलीस. मी ती तुझ्या हातातून काढून घेतली. घरात विळी होती, दोन साध्या सुऱ्या होत्या. आंबटाने ते पोलाद काळं पडतं आणि त्या पात्यावर आधीच डागांची नक्षी झाली होती. माझं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. तुझ्या सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, सुरी हातातून हातात घेऊ नये, भांडण होतं. ते मात्र झालं. त्याच रविवारी तू सान्वीला घेऊन आईकडे गेलीस आणि जूनमध्ये तिची शाळाही तिकडेच घातलीस.

सलिलचा लॅपटॉप तुझ्याकडे आहे. त्यात सुदेशची बिलं असतील. त्यांच्या प्रती पाठव, एवढंच काम आहे.

तुझा,
बाबा

ता. क. सान्वीचा बेडकाच्या तोंडाचा रेनकोट इथेच दाराच्या मागे आहे. अर्धा पाऊस संपला, आता तिला कोणता घालतेस?


वर्तकनगर, ठाणे
२५ ऑगस्ट २०२५

चि. कादंबरीस,
आशीर्वाद.

बिलं मिळाली. कुरिअरचं पाकीट उलटं करून दोनदा झटकलं, पण तुझी एक ओळ निघाली नाही. असू दे. रेनकोटही कुरिअरनेच पाठवला आहे.

काल विमा कंपनीतून एक मुलगी आली होती, संचिता नावाची. चुणचुणीत आहे, पण बोलते मशीनगनसारखी. मी जुना क्लेमवाला आहे हे सांगितल्यावर जरा बिचकली. मग सलिलने सुऱ्यांसाठी करवून घेतलेलं ते खणांचं सागवानी कपाट मी उघडलं, आणि ती बघतच राहिली.

“काका, हे वेपन्समध्ये टाकायचं का किचनवेअरमध्ये?”

“संग्रह म्हणून टाक.”

“कलेक्शन. ओके. मग प्रत्येक पीसचा फोटो लागेल, बिल, आणि मेकरचं व्हॅल्यूएशन. ओनर तुम्हीच ना?”

“माझ्या मुलाच्या आहेत. तो आता नाही.”

“सॉरी काका.” फॉर्मचं पान उलटून तिने विचारलं, “मग लीगल वारस कोण?”

“सून आणि नात.”

“आणि तुम्ही?”

मी उघडा खण आत सरकवला. मला माहीत नव्हतं असं नाही. मुलाच्या मागे कायद्याने त्याची बायको वारस, मुलं वारस आणि आई वारस. बाप त्या पहिल्या रांगेत नाही. तुझ्या सासूबाई जिवंत असत्या तर त्यांचा हिस्सा निघाला असता, माझा तेव्हाही निघाला नसता. विम्याचा पहिला धडा असा की ज्या वस्तूच्या जाण्याने तुमचं नुकसान होतं, तिचाच विमा तुम्हाला काढता येतो. आपल्या मराठीत सांगायचं तर ज्याचं जळतं त्यालाच कळतं. ते कपाट उद्या सगळं चोरीला गेलं तरी त्या पोरीच्या हिशेबाने माझं काहीच जळणार नव्हतं. तिने हे अगदी अदबीने सांगितलं. अदबीने सांगितलं की जास्त लागतं, हे मला या वयात कळलं.

मार्ग तिनेच काढला. मालक म्हणून तुझं नाव, सान्वीची पालक म्हणूनही तूच, आणि ठेवण्याची जागा म्हणून माझा पत्ता. सोबतच्या कागदावर पेन्सिलीने खुणा केल्या आहेत तिथे सह्या कर. सुऱ्या इथेच राहू देत. हे मी मागतो आहे, सांगत नाही.

सलिलच्या स्वतःच्या पॉलिसीचे कागद मी त्याच्या दहाव्याच्या आधीच काढून बसलो होतो, ते तुला लागलं होतं. तू स्वयंपाकघराच्या दारातून बघितलंस आणि आत गेलीस. मला दुसरं काही करता येत नाही, कादंबरी. माणसं रडतात, मी कागद लावतो. ते वेळेत लावले नसते तर तुला हेलपाटे पडले असते, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

परवा गणपती. आपल्याकडे यंदा नाहीत. सान्वीला मोदक हवे असतील, तिच्या आजीला सांग.

तुझा,
बाबा


वर्तकनगर, ठाणे
१४ सप्टेंबर २०२५

चि. कादंबरीस,
आशीर्वाद.

आज किमतीचा दाखला आणायला शहाडला सुदेशकडे गेलो होतो. सलिल इतकी वर्षं तिथे जायचा, मी पहिल्यांदाच गेलो. माझ्या डोळ्यांसमोर भाता आणि ऐरण होती. निघाली ती पत्र्याची स्वच्छ शेड, आत दोन मशिनं, आणि बाहेर शेवग्याच्या झाडाखाली प्लास्टिकची खुर्ची. सुदेश इंजिनिअर आहे, नोकरी सोडून या उद्योगाला लागला, हे तुला ठाऊकच असेल. मला नव्हतं.

तू तिथे जाऊन आली आहेस, म्हणजे ती मातीच्या मुठींची फळीही पाहिली असशील. मला सलिलने सांगितलं होतं, पण मी अर्ध्या कानाने ऐकलं होतं. सुरी करण्याआधी ओल्या मातीचा गोळा हातात देतात, सुरी धरतो तसा तो धरून दाबायचा. तो गोळा वाळवून त्याच्यावरून लाकडी मूठ कोरायची. फळीवर ते सगळे गोळे ठेवलेले आहेत, प्रत्येकावर खिळ्याने नाव कोरलेलं. तुझा डाव्या हाताचा आहे. तुझ्या सासूबाईंचा इतका लहान आहे की मला आधी तो सान्वीचाच वाटला. त्यांनी जन्मभर विळीखेरीज कशाला हात लावला नाही, त्यांच्याकडूनही सलिलने मूठ काढून घेतलीच! सान्वीचे दोन आहेत, एक लहानपणीचा आणि एक अलीकडचा.

मी सगळी फळी दोन वेळा पाहिली. माझा नव्हता.

“काका, तुमची घ्यायची होती,” सुदेश म्हणाला. “सलिल दरवेळी बोलायचा, बाबांना आणतो रे एकदा. मी बोललेलो, अरे गोळा घेऊन जा ना घरी. तर बोलला, नको, ते स्वतःहून येतील तेव्हा घेऊ.”

मला सलिलने विचारलं होतं, नाही असं नाही. मी म्हणालो होतो, मला चहासुद्धा करता येत नाही, सुरी घेऊन काय करू? तो हसला होता. त्यात वाईट वाटण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलं नाही, आणि त्यालाही वाटलं नसावं.

मग सलिलचा गोळा मी उचलला आणि सहज मुठीत धरला. कादंबरी, त्यात माझा हात बसला. अंगठा अंगठ्याच्या खळग्यात, करंगळी करंगळीच्या. कुठे सैल नाही, कुठे अडत नाही. त्याचे डोळे आईचे, नाक आईचं, रंग आईचा असं सगळे म्हणायचे आणि मीही म्हणायचो. हात माझे होते हे कोणी कधी पाहिलंच नाही. मी बाहेर येऊन त्या खुर्चीत बसून रडलो. सुदेश शहाणा माणूस आहे, तो आतच नळ सोडून हात धूत राहिला.

निघताना तो म्हणाला, “काका, आता घेऊ का तुमची? माती भिजवलेलीच आहे.” मी नको म्हटलं.

दाखला मिळाला. पातं कोरडं करून तेलाचा हात देत जा, बाकी काही लागत नाही, असं त्याने सांगितलं आहे. तुझ्या सह्यांची तेवढी वाट बघतो आहे.

तुझा,
बाबा


वर्तकनगर, ठाणे
१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

चि. कादंबरीस आणि चि. सान्वीस,
अनेक आशीर्वाद.

सह्या पोचल्या. पत्र यावेळीही नव्हतं, पण पाकिटावर तू ‘ती. बाबांस’ असं लिहिलं आहेस. पाकिटं फाडून टाकायची माझी सवय आहे, हे ठेवलं आहे.

आज सकाळी मी सलिलच्या सुऱ्यांची पूजा मांडली. वर्षभर सण करायचे नाहीत हे खरं, पण हत्यारांची पूजा म्हणजे काही सण नव्हे, असं माझं मीच ठरवलं. दरवर्षी खंडेनवमीला तो पाटावर सुऱ्या मांडून झेंडू वाहायचा आणि मी पेपरातून मान वर करून म्हणायचो, “झाली का लढाईची तयारी?” यंदा मांडणारा मी, ते म्हणायला कोणी नव्हतं.

पूजा मांडायची तर हत्यारं लखलखीत हवीत. तुझ्या सासूबाई दसऱ्याआधी समया, निरांजनं, ताम्हन सगळं घासायला काढायच्या, आठवतं ना? मग मीही कंबर कसली. टेंभी नाक्यावर देवीच्या मंडपाची गर्दी होती, तिच्यातून वाट काढत हार्डवेअरच्या दुकानात गेलो, बारीक पॉलिशपेपर आणि भांडी उजळायची पावडर आणली. चिंच वापरली नाही, आंबटाचं आता कळतं मला. आठवडाभर रोज दुपारी खिडकीशी बसून एकेक सुरी घासली, पुसली, तेल लावलं. इतके डाग होते! काळे, निळे, तपकिरी. सगळ्यात जास्त वेळ सलिलच्या सुरीने घेतला. टोकाजवळ एक काळा डाग होता, तो काही केल्या हलेना. दोन दुपारी त्याच्या मागे गेल्या आणि माझं मनगट सुजलं, पण काढलाच. आता त्या पात्यात तोंड दिसतं.

संचिता सोमवारीच फोटो काढून गेली. तिला सुऱ्या फार आवडल्या. तिच्या कागदावर ‘स्थिती’ असा रकाना होता, त्यात तिने चौदाही सुऱ्यांपुढे लिहिलं, ‘नव्यासारखी’. पॉलिसी मंजूर झाली आहे. आता चोर येवो, आग लागो, मी निश्चिंत.

पूजेचा फोटो कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून सोबत पाठवतो आहे. हे पत्र पोचेपर्यंत दसरा होऊन गेला असेल. सोनं शिळं झालं तरी चालतं. सान्वीला घेऊन ये एकदा. घर फार मोठं वाटतं.

तुझा,
बाबा


डोंबिवली (पूर्व)
६ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांस,
सा. न.

फोटो मिळाला. आधी वाटलं, दुसऱ्या कोणाच्या सुऱ्यांचा फोटो चुकून आला. सान्वीने विचारलं, “आई, यात बाबाची सुरी कुठेय?” मी बोट दाखवलं. ती म्हणाली, “नाही गं, ही नाहीये.”

बाबा, ती घाण नव्हती. ते पोलादच तसं असतं, वापरलं की रंग धरतं. सलिल म्हणायचा, सुरी जेवढी कामाला लागते तेवढी रंगते, नुसती ठेवली तर ती दुकानातली वस्तू. तो पातं धुऊन कोरडं करायचा, पण डाग कधी घासायचा नाही. रात्री जेवणं झाली की ट्यूबच्या उजेडात नाही तर मोबाइलच्या टॉर्चमध्ये सुरी तिरकी धरून मला बोलवायचा, ये बघ, आज कसला निळा आलाय. मी त्याला वेडा म्हणायचे.

आणि टोकाजवळचा तो काळा डाग, जो काढायला तुम्हाला दोन दुपारी लागल्या, तो सान्वीच्या पहिल्या कैरीचा होता. ती दोन वर्षांची होती. फोड तोंडात घातली, डोळे मिटले, अंगभर शहारली, आणि परत हात पुढे केला. सलिल एवढा हसत सुटला की सुरी पुसायचीच राहिली, तशीच ओट्यावर पडून राहिली. सकाळी डाग बघून मी घासायला घेतली तर म्हणाला, राहू दे. त्यानंतर दर एप्रिलला पहिली कैरी त्याच सुरीने. हे आमचं तिघांचंच होतं, तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही होतं असं आम्हाला वाटलंच नाही.

यंदा मी तेच करत होते. तो नाही, तरी एक वर्ष चुकू नये. तुम्ही सुरी हातातून काढून घेतलीत आणि म्हणालात, “काळी करशील.” तोंड उघडलं असतं तर मी ओरडले असते, आणि सान्वी समोर होती.

सलिलचा विमा होता. तुम्ही कागद लावलेत, पैसे आले. मी ते खातं अजून उघडून बघितलेलं नाही. आता त्याच्या सुऱ्यांचा पण विमा झाला. बैल गेला आणि झोपा केला, ही तुमचीच म्हण ना, बाबा? त्या पात्यावर त्याचा हात फिरल्याची खूण होती, तेवढीच होती. ती तुम्ही पावडर लावून घासून काढलीत. घेऊन बसा आता नव्यासारख्या.

सान्वी बरी आहे. रेनकोट तिला आखूड होतो, पण काढत नाही.

कादंबरी


वर्तकनगर, ठाणे
१२ ऑक्टोबर २०२५

चि. कादंबरीस,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी सलिलची सुरी आणि माझं भिंग घेऊन खिडकीशी बसलो. क्लेमच्या दिवसांतलं भिंग आहे, जळक्या गोदामातल्या गाठोड्यावरचं अक्षर मी त्याने वाचलेलं आहे. वाटलं, कुठेतरी कणभर राहिलं असेल. पातं सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. मी काम चोख करतो, कादंबरी. काहीही राहिलेलं नाही.

आयुष्यभर माझ्या टेबलासमोर माणसं यायची आणि मी म्हणायचो, काय गेलं ते दाखवा. आज मला कोणी विचारलं तर मी काय दाखवू? चौदाच्या चौदा सुऱ्या आहेत. धार आहे, मुठी आहेत, खण भरलेले आहेत. हा क्लेम माझ्यापुढे आला असता तर ‘नुकसान नाही’ असं लिहून मी सही ठोकली असती आणि चहा प्यायला गेलो असतो.

मी ते रागाने केलं असतं तर निदान रागाला बोल लावता आला असता. मी प्रेमाने केलं. रोज दुपारी घासताना त्याच्याशी बोलत होतो. म्हणत होतो, बघ, तुझ्या वस्तू कशा ठेवल्यात मी. तो काळा डाग निघाला तेव्हा मला आनंद झाला होता, मी उठून आपणहून चहा केला होता. चहा येतो मला आता. हे तुला लिहिताना शरम वाटते आहे, पण कोणाला तरी सांगायला हवं आणि तुझ्याशिवाय मला आहे कोण?

संचिताला फोन करून पॉलिसी बंद करायला सांगितलं. ती म्हणाली, “काका, पण आत्ताच तर काढली. काही लॉस झालाय का?” मी म्हटलं, झालाय, पोरी. “मग क्लेम टाकू ना!” म्हणाली. फार चांगली मुलगी आहे.

सुऱ्या तुझ्या आणि सान्वीच्या आहेत. मी त्या आणून देतो. दिवाळीच्या आत येईन. घरात घेतलं नाहीस तरी चालेल, दारात ठेवून परत फिरेन. तुझी डाव्या हाताची खोक्यात सगळ्यात वर ठेवतो आहे. सान्वीच्या दोन्ही तिच्या रुमालात गुंडाळल्या आहेत. सलिलची सगळ्यात खाली आहे. ती वापर. काळी कर.

मला त्याची खूण पुसायची नव्हती. मला ती सांभाळायची होती. हे तू मानावंस असा माझा हट्ट नाही, पण हे खरं आहे.

बाबा


वर्तकनगर, ठाणे
१३ एप्रिल २०२६

चि. कादंबरीस,
अनेक आशीर्वाद.

रात्री सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेली आंब्याची डाळ आत्ता सकाळी संपवली. डॉक्टरांना सांगू नकोस.

आता फोनवर बोलणं होतं आपलं, तेव्हा पत्राची गरज नाही हे कळतं मला. पण काही गोष्टी मला अजून कागदावरच नीट मांडता येतात.

ऑक्टोबरमध्ये मी तुझ्या दारात खोकं ठेवलं, तेव्हा तू “पाणी घ्या” म्हणालीस आणि मी ते उभ्यानेच प्यालो. पुढे सगळा हिवाळा ते खोकं तू उघडलं नाहीस, हे मला सान्वीने सांगितलं. फेब्रुवारीत सलिलचं वर्षश्राद्ध झालं, तू सगळं मनापासून केलंस, पण सुऱ्यांचं नाव ना तू काढलंस, ना मी. मी धरून चाललो होतो की ते खोकं आता तसंच राहणार. मग परवा सान्वीचा फोन आला, “आजोबा, कैऱ्या आल्यात. आई म्हणतेय, या.” मी तिला दोनदा विचारलं, नक्की आईच म्हणाली का.

काल स्वयंपाकघरात आलो तर ओट्यावर कैरी होती आणि सलिलची सुरी होती. तू ती माझ्या हातात दिली नाहीस, ओट्यावर माझ्या पुढ्यात सरकवलीस. सासूबाईंची शिकवण विसरली नाहीस.

“तुम्ही चिरा,” म्हणालीस.

“मला येत नाही गं.”

“येईल.”

शहाडला त्या मातीच्या गोळ्यात हात बसला होता हे मी तुला लिहिलं होतं. तू ते वाचलं होतंस हे मला काल कळलं. ती मूठ धरली आणि अंगठा आपणहून जागेवर गेला. पुढचं मात्र काही आपणहून झालं नाही! एक फोड जाड, एक कागदासारखी, बाठ्याशी तर युद्धच झालं. सान्वी म्हणाली, “आजोबा, बाबा पातळ करायचा.” तू तिला गप्प केलं नाहीस, ते बरं केलंस. मीच म्हटलं, “हो, तो पातळ करायचा.” मग तिने तिखट-मीठ लावलेली फोड तोंडात घातली, डोळे मिटले आणि अंगभर शहारली. तू तोंड फिरवून नळ सोडलास. मी तुझ्याकडे पाहिलं नाही.

सवयीने माझा हात फडक्याकडे गेला. तू मनगट धरलंस. “राहू द्या, बाबा,” म्हणालीस.

आज सकाळी तू मोबाइलवर पात्याचा फोटो पाठवलास. टोकाशी काळसर डाग धरला आहे, आणि खाली तू लिहिलं आहेस, ‘बघा, अगदी तिथेच आलाय.’ माझं समाधान व्हावं म्हणून लिहिलंस. तुझं मन मोठं आहे, आणि मी काही वेळ ते खरं धरून फोटो बघत बसलो होतो.

पण तो तिथे नाही, कादंबरी. दोन दुपारी मी त्याच्या डागावर घासत होतो, त्याची जागा माझ्याइतकी दुसऱ्या कोणाला ठाऊक नसेल. हा डाग त्या जागेच्या बोटभर अलीकडे आहे. हा माझा आहे. त्याचा होता तिथे काही नाही.

तुझा,
बाबा